फळा, पडदा आणि गुरुजी

म्हैसूर शहराच्या मध्यभागी देवराज मोहल्ला हा जुना आणि गजबजलेला भाग आहे. येथील देवराज मार्केटमध्ये मोगऱ्याच्या माळा, विड्याची पाने, नंजनगुडची केळी आणि कुंकवाच्या रंगीत राशी यांची सकाळपासून रेलचेल असते. बाजाराच्या लगतच एक हमरस्ता जातो. दसऱ्याची प्रसिद्ध मिरवणूक राजवाड्यातून निघून याच रस्त्याने बन्नीमंटपाकडे जाते. रस्त्याचे नाव वाचताच मराठी प्रवासी क्षणभर थबकतो, कारण ते नाव आहे सयाजीराव रस्ता. बडोद्याच्या ज्या सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो संस्थानभर लागू केला, त्यांचेच हे नाव. दूरच्या कन्नड नगरीतील एका बाजाररस्त्यावर अशी शिक्षणाची आठवण उभी आहे.

शाळा सुरू होण्याच्या दिवसांत कोणत्याही शहरातील बाजाराप्रमाणे येथेही वह्या, दप्तरे आणि गणवेश यांच्या खरेदीची गर्दी उसळते. जवळच्या देवराज अर्स रस्त्यावर भ्रमणध्वनी आणि संगणक यांची दुकानेही आहेत. आता पालकांच्या खरेदीच्या यादीत पाटीपेन्सिलीबरोबर या वस्तूही येऊन बसल्या आहेत. मुलाचे नाव शाळेत घालताना पूर्वी पालक विचारीत, "गुरुजी कसे आहेत?" आता पुष्कळदा पहिला प्रश्न असतो, "वर्गात पडदा आहे का? संगणक किती आहेत?" प्रश्न स्वाभाविक आहे. आपल्या मुलाने मागे पडू नये ही प्रत्येक आईबापाची इच्छा असते आणि त्या इच्छेपोटी कित्येक कुटुंबे आपल्या पोटाला चिमटा घेऊन पैसे खर्च करतात. म्हणूनच वर्गातील यंत्राने मुलाचे खरोखर किती भले होते, आणि ते कशावर अवलंबून असते, याचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

एका प्राध्यापकाची आकाशवाणी

या विचाराचा प्रारंभ म्हैसूरपासूनच करता येईल. येथील महाराजा कॉलेजात मानसशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या एम. व्ही. गोपालस्वामी यांनी 1935 मध्ये आपल्या राहत्या घरी एक लहानसे नभोवाणी केंद्र सुरू केले आणि त्याला 'आकाशवाणी' हे नाव दिले. पुढे हेच नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीने धारण केले. यंत्र नवे होते, त्याची शक्ती बेताची होती, आणि ते चालविणारा मनुष्य व्यापारी नव्हता, अभियंताही नव्हता. तो शिक्षक होता. आपल्याजवळ लोकांना सांगण्याजोगे काही आहे आणि ते वर्गाच्या चार भिंतींपलीकडे गेले पाहिजे, ही तळमळ आधी होती. यंत्र तिच्या मागून आले. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढच्या काळात तो पुष्कळ वेळा उलटा झाला.

प्रत्येक नव्या साधनाबरोबर एक मोठी आशा जन्माला येते. चलच्चित्रांचा शोध लागला तेव्हा खुद्द एडिसन यांनी 1922 च्या सुमारास असे भाकीत केले होते, की थोड्याच वर्षांत पाठ्यपुस्तकांची जागा चित्रपट घेतील. तसे झाले नाही. मागून नभोवाणी आली, दूरचित्रवाणी आली, संगणक आला. अमेरिकेतील शिक्षणाचे इतिहासकार लॅरी क्यूबन यांनी 1986 मध्ये या साऱ्या साधनांचा इतिहास लिहिला. त्यातून एकच गोष्ट पुनःपुन्हा दिसते: साधन गाजावाजाने शाळेत येते, आरंभी त्याचा उदोउदो होतो, नंतर त्याचा उपयोग अपेक्षेपेक्षा फारच कमी होतो आणि शेवटी दोष शिक्षकाच्या माथी मारला जातो. परंतु शिक्षकाचा रोजचा दिवस कसा जातो, वर्गात मुले किती, अभ्यासक्रम केवढा आणि तास किती मिनिटांचा, हे यंत्र धाडणाऱ्यांनी क्वचितच विचारलेले असते.

पुण्याच्या खेड्यांतील धडा

यंत्र तेच असूनही शिकविण्याची रीत बदलली म्हणजे फळ कसे बदलते, याचा एक उत्तम पुरावा आपल्या महाराष्ट्रातच मिळालेला आहे. 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, शेतीविषयीचे आणि ग्रामजीवनाविषयीचे कार्यक्रम ध्वनिक्षेपित होत. मंडळातील वीसएक माणसे एकत्र बसून ते ऐकत. कार्यक्रम संपला की कोणी उठून जात नसे. ऐकलेल्या गोष्टीवर चर्चा होई, शंका निघत, आपल्या गावाला यातले काय लागू पडते याचा खल होई आणि मंडळाचे प्रश्न केंद्राकडे कळविले जात. केंद्र त्यांना उत्तरे देई.

या प्रयोगाची पाहणी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे समाजशास्त्रज्ञ पॉल नॉइराथ यांनी केली. त्यांनी तीन प्रकारच्या गावांची तुलना केली: मंडळ असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली पण मंडळ नसलेली गावे, आणि रेडिओही नसलेली गावे. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक भर पडली होती. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती अगदीच अल्प होती. आवाज तोच, शब्द तेच, वेळही तीच. अंतर पडले ते ऐकल्यानंतरच्या अर्ध्या तासाने. जेथे माणसे बोलली, तेथे ज्ञान रुजले. जेथे नुसतेच ऐकले, तेथे ते कानावरून गेले.

वर्गातही हेच घडते. वाचकांनी दोन वर्ग डोळ्यांसमोर आणावेत. दोन्हींत सातवीची मुले आहेत, दोन्हींत सारखाच पडदा आहे आणि मनुष्याच्या हृदयाचे कार्य दाखविणारा तोच दहा मिनिटांचा चित्रपट आहे. पहिल्या वर्गात शिक्षक दिवे मालवितात, चित्रपट लावतात आणि तो संपल्यावर फळ्यावर पाच उत्तरे लिहून देतात. मुले ती उतरवून घेतात. दुसऱ्या वर्गात शिक्षक आधी मुलांना स्वतःच्या नाडीचे ठोके मोजायला सांगतात, मग जागच्या जागी उड्या मारायला लावून पुन्हा मोजायला सांगतात. ठोके का वाढले, असे विचारून ते मुलांचे तर्क फळ्यावर लिहितात, त्यात चुकीचे तर्कही असतात. मग चित्रपट सुरू होतो. रक्त एका कप्प्यातून दुसऱ्यात जाण्याच्या बेतात असताना शिक्षक तो थांबवितात आणि विचारतात, "आता ते कोठे जाईल? मागे का येणार नाही?" चित्रपट संपल्यावर मुले फळ्यावरील आपले तर्क स्वतःच तपासतात. दोन्ही शाळांच्या अहवालात एकच नोंद होईल: दृक्श्राव्य साधनाचा उपयोग केला. पण पहिल्या वर्गात मुलांनी चित्रपट पाहिला आणि दुसऱ्या वर्गात ती हृदयाचे कार्य शिकली.

चार संगणक आणि बंद कपाटे

सयाजीरावांच्या बडोद्यातच संगणकाच्या बाबतीत एक बोलके उदाहरण घडले. गुजरात सरकारने 2000 मध्ये तेथील सुमारे शंभर नगरपालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी 'प्रथम' या संस्थेने पाहणी केली, तेव्हा प्राथमिक वर्गांतील मुलांसाठी त्यांचा उपयोग फारच थोड्या ठिकाणी होत असल्याचे आढळले. यंत्रे होती, ती घेऊन काय करायचे हे ठरलेले नव्हते. मग या संस्थेने चौथीच्या मुलांसाठी गणिताच्या खेळांचा कार्यक्रम आखला. एका संगणकावर दोन मुले, आठवड्यातून दोन तास. खेळ असे होते, की मुलाच्या तयारीप्रमाणे प्रश्न सोपे किंवा अवघड व्हावेत. मदतीला प्रशिक्षित माणसे होती. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी याचे काटेकोर मोजमाप केले. 2002 ते 2004 या दोन्ही वर्षांत या मुलांचे गणित इतरांपेक्षा स्पष्टपणे सुधारले. कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभराने मात्र त्या लाभाचा थोडाच भाग उरला होता, हेही याच संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदविले.

याहून अधिक विचार करायला लावणारा प्रयोग गुजरातमधीलच 'ज्ञानशाला' या संस्थेच्या वर्गांत झाला. त्याचा अभ्यास ली लिंडन यांनी केला आणि निष्कर्ष 2008 मध्ये मांडले. येथे संगणकाचा एकच कार्यक्रम दोन तऱ्हांनी वापरण्यात आला. काही ठिकाणी मुलांना चालू वर्गातून उठवून संगणकापुढे बसविले, म्हणजे शिक्षकाच्या शिकविण्याचा वेळ यंत्राला दिला. इतर ठिकाणी शाळेच्या वेळाबाहेर, झालेल्या अभ्यासाची उजळणी म्हणून तो वापरला. दुसऱ्या प्रकारात मुलांची प्रगती झाली आणि तिचा विशेष लाभ अभ्यासात कच्च्या असलेल्या मुलांना झाला. पहिल्या प्रकारात मुले संगणक नसलेल्या मुलांपेक्षाही मागे पडली. ज्ञानशालेतील शिक्षिका आखीव पद्धतीने, चांगले शिकवीत असत. चांगल्या शिकवण्याचा वेळ काढून घेऊन तो यंत्राला देणे हा तोट्याचाच व्यवहार ठरला. हे एकच उदाहरण प्रत्येक शाळेच्या वेळापत्रकाशेजारी लावून ठेवण्यासारखे आहे.

हातात उंदीर कोणाच्या?

यंत्र सर्व मुलांपर्यंत सारखे पोहोचते, असे आपण गृहीत धरतो. कर्नाटकातील ग्रामीण शाळांचे निरीक्षण करणाऱ्या बंगळूरच्या संशोधकांना वेगळेच दृश्य दिसले. एका संगणकाभोवती पाचसहा मुलांचा घोळका बसे. संगणकाचा 'माऊस', म्हणजे तो हातातला उंदीर, बहुधा एकाच मुलाच्या हाती असे. तो मुलगा वयाने मोठा, धीट किंवा वजनदार घरचा असे. मागची मुले, विशेषतः मुली, नुसत्या पाहत राहत. यावर 2006 च्या सुमारास उदयसिंग पवार, जयजीत पाल, केंतारो तोयामा प्रभृतींनी एक साधा उपाय योजला: प्रत्येक मुलाला स्वतंत्र माऊस आणि पडद्यावर प्रत्येकाचा वेगळ्या रंगाचा बाण.

मुलांचा उत्साह वाढला. परंतु उत्साह म्हणजे शिकणे नव्हे, हेही तेथेच कळून आले. जेथे पहिला दाबेल तो जिंकेल असा शर्यतीचा खेळ होता, तेथे मुलगे विचार न करताच भराभर दाबत सुटले. जेथे गटाचे मत जुळल्याखेरीज खेळ पुढे सरकत नसे, तेथे मुले आपापसांत बोलू लागली आणि शब्द लक्षात राहू लागले. यंत्र तेच होते. स्पर्धा लावायची की विचारविनिमय घडवून आणायचा, हा शिकवण्याच्या रीतीचा प्रश्न होता. पुढे तोयामा यांनी 2015 मधील आपल्या ग्रंथात या अनुभवांचे सार असे मांडले, की यंत्र माणसांच्या मूळ हेतूंना आणि कुवतीला मोठे करते. जे मुळात नाही ते यंत्र निर्माण करीत नाही. ध्वनिवर्धकाने गाणे मोठे होते, पण गाणाऱ्याचा सूर त्याने सुधारत नाही.

साधन गावातले, रीत आपली

महाराष्ट्राला हे सत्य नवीन नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ यांच्यासह ते कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर नेले. मॉन्तेसरी पद्धतीची मूळ साधने महागडी होती. गरिबांच्या आणि आदिवासींच्या मुलांना ती परवडणार नव्हती. ताराबाईंनी त्या पद्धतीचे मर्म उचलले आणि साधने गावातूनच घेतली. खडे, बिया, पाने, शिंपले यांनी मुले मोजू लागली, रंग आणि आकार ओळखू लागली. येथे साधन स्वस्त होते आणि शिक्षण मोलाचे होते, कारण कोणत्या खड्याचा कशासाठी उपयोग करायचा हे शिकविणारीला नेमके ठाऊक होते.

त्याच परंपरेतील अलीकडचे नाव म्हणजे सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात असलेल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकविलेले शिक्षक रणजितसिंह डिसले. पाठ्यपुस्तकाच्या पानावर छापलेल्या चौकोनी सांकेतिक ठशावर भ्रमणध्वनी धरताच त्या धड्याशी निगडित कविता, चित्रफीत किंवा स्वाध्याय उघडावा, अशी योजना त्यांनी आपल्या मुलांसाठी केली. 2017 मध्ये महाराष्ट्र शासनाने ही कल्पना पाठ्यपुस्तकांसाठी स्वीकारली आणि मागाहून देशातील इतर पुस्तकांतही असे ठसे आले. 3 डिसेंबर 2020 रोजी डिसले गुरुजींना दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. हे साधन त्यांना कोणी वरून धाडलेले नव्हते. आपल्या वर्गातील अडचण पाहून शिक्षकाने ते शोधले होते, म्हणूनच ते वापरात आले. मात्र तोच ठसा ज्या वर्गात नुसता छापलेला राहतो आणि गुरुजी तो कधी उघडीत नाहीत, तेथे ती पानावरची एक नक्षीच होय.

शिक्षकाला कोण शिकवील?

येथवरच्या सर्व उदाहरणांचा रोख एकाच दिशेने आहे. यंत्रावर एक रुपया खर्च करताना शिक्षकाच्या तयारीवर किती खर्च झाला, हा प्रश्न विचारला पाहिजे. उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणीचा जो भव्य प्रयोग आपल्या देशात 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या काळात झाला, त्यात सहा राज्यांतील 2400 खेडी होती. कर्नाटकातील विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर या जिल्ह्यांतील खेड्यांचाही त्यात समावेश होता. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम असत. त्या योजनेतील दूरदृष्टीची गोष्ट अशी, की तेच माध्यम शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीही वापरले गेले. दूरचित्रवाणी, नभोवाणी, छापील पाठ आणि प्रत्यक्ष कृती यांची सांगड घालून सुमारे 24 हजार प्राथमिक शिक्षकांना एकाच वेळी विज्ञान शिकविण्याचे शिक्षण देण्यात आले.

देवराज मोहल्ल्यापासून फार दूर नसलेल्या मानसगंगोत्रीच्या परिसरात या दिशेने चाललेले काम पाहावयास मिळते. 1963 मध्ये देशात अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे चार प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये स्थापन करण्यात आली. येथील महाविद्यालय त्यांपैकी एक होय. आज ते प्रादेशिक शिक्षण संस्था म्हणून ओळखले जाते. आधी पदवी आणि मग घाईने वर्षभराचे अध्यापनशास्त्र, असा जुना क्रम मोडून विषय आणि तो शिकवण्याची कला चार वर्षे बरोबरीने शिकवावी, ही कल्पना या संस्थांनी रुजविली. आवारातच प्रात्यक्षिक शाळा ठेवण्यात आली, म्हणजे भावी शिक्षकाने पुस्तकात वाचलेले तत्त्व खऱ्या मुलांपुढे पारखून घ्यावे. पोहणे जसे काठावर बसून येत नाही, तसे शिकविणेही येत नाही. यंत्र वापरणे तर त्याहून नाही. बटण कोणते दाबायचे, हे तासाभरात सांगता येते. ते केव्हा दाबायचे आणि केव्हा पडदा बंद करून मुलांकडे वळायचे, हे शिकायला मात्र अवधी लागतो.

2020 मधील महामारीने हा धडा आपणा सर्वांच्या घरात आणून दिला. मार्च महिन्यात शाळा बंद झाल्या आणि शिक्षण भ्रमणध्वनीवर आले. त्या वर्षीच्या 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भागातील शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी 61.8 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वी हे प्रमाण 36.5 टक्के होते. वाढ मोठी होती, तरी शंभरातील अडतीस मुलांचे घर त्याविनाच होते. ज्यांच्या घरी तो होता, तेथेही तो पुष्कळदा वडिलांबरोबर कामावर जाई. अशा काळात ज्या शिक्षकांनी गल्लीच्या तोंडाशी, देवळाच्या ओसरीवर, झाडाखाली चारचार मुले जमवून शिकवले, त्यांनी कोणत्याही यंत्राइतकेच मोलाचे काम केले.

पालकांनी काय विचारावे?

वाचक म्हणतील, आम्ही शिक्षक नाही. आमच्या हाती काय आहे? पालकांच्या हाती प्रश्न आहे, आणि योग्य प्रश्नाची शक्ती मोठी असते. शाळेत पडदा आहे का, एवढ्यावर न थांबता त्या पडद्यावर काही पाहिल्यानंतर मुले काय करतात, हे विचारावे. संगणकाच्या तासाला यंत्र कोणाच्या हाती असते, मागच्या बाकावरील मुलीला पाळी मिळते का, हे विचारावे. संगणकाचा तास कोणत्या विषयाचा वेळ कापून घेतला, हे विचारावे. शिक्षकांना त्या साधनाचे शिक्षण मिळाले काय, आणि बिघाड झाल्यास ते दुरुस्त कोण करते, हेही विचारावे. हे प्रश्न शिक्षकांच्या बाजूने विचारावयाचे आहेत. पुष्कळ शिक्षकांना हीच विचारणा वरिष्ठांकडे करावयाची असते. पालकांचा आवाज मिळाला तर त्यांचेही बळ वाढेल.

घरीही हाच नियम लागू पडतो. मुलाच्या हाती भ्रमणध्वनी देऊन आपण कामाला लागलो, तर ती पुण्याच्या प्रयोगातील नुसत्या रेडिओच्या गावाची स्थिती झाली. रात्री जेवताना "आज काय पाहिलेस? त्यातले तुला काय पटले नाही?" एवढे दोन प्रश्न विचारले, तर घरातच एक लहानसे श्रोतृमंडळ तयार होते. त्यासाठी आईवडिलांना संगणक यावा लागत नाही, फार शिकलेले असावे लागत नाही. ऐकण्याची सवड तेवढी काढावी लागते.

सयाजीरावांनी सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला, तेव्हा प्रत्येक मुलाला शाळेच्या दारापर्यंत आणणे हे त्या काळाचे आव्हान होते. आज दार उघडे आहे, मूल आत आले आहे, भिंतीवर पडदाही लागला आहे. आता त्या मुलाच्या डोळ्यांकडे पाहून त्याला समजले की नाही हे ओळखणारा माणूस त्या खोलीत उभा असावा, त्याला शिकण्यास वेळ मिळावा आणि समाजाने त्याचा मान राखावा, एवढे काम आपल्याकडे उरले आहे. ते काम यंत्रावर सोपवता येणार नाही.